किनारा सुटल्यावर

आमच्या वाशिंदास परगांवचा पाहुणा आला म्हणजे त्यास स्टेशनावरच एक गोष्ट ऐकविल्यावांचून मी सोडीत नाहीं. कल्याणपासून वाशिंदपर्यंतचा लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजीं खुला झाला, आणि आसनगांवपर्यंतचा पुढचा टप्पा १८६० च्या फेब्रुवारींत तयार होईपर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ, मुंबईहून या बाजूस निघालेली आगगाडी येथेंच संपत असे. पुढें बैलगाडी, घोडें, नाहीं तर स्वतःचे पाय. येथें उतरून माणसानें विसावा घ्यावा, भाडें ठरवावें, मागें राहिलेल्या मुंबईचा व पुढें उभ्या असलेल्या घाटाचा विचार करावा, आणि मग निघावें. आतां गाडी वाशिंदास मिनिटभर थांबते. प्रवास सोयीचा झाला यांत शंका नाहीं. परंतु वाटेंत थांबून विचार करण्याची सक्ती मात्र गेली.

हें नव्यानें मनांत येण्यास कारण झाली ती आमच्या धाकट्या बंधूंची कन्या. गेल्या वर्षीं श्रावणांत ती उच्च शिक्षणासाठीं अमेरिकेस गेली. तिच्या बॅगा भरण्याच्या गडबडींत माळ्यावरचें सामान खालीं आलें, आणि त्यांत आमच्या काकांची जुनी पत्र्याची ट्रंक निघाली. काका १९५४ च्या सप्टेंबरांत इंजिनिअरिंगच्या पुढील शिक्षणासाठीं बोटीनें विलायतेस गेले होते. ट्रंकेवर बोटकंपनीचें कागदी लेबल अद्याप चिकटलेलें होतें. त्या काळीं उतारूंच्या सामानास तीन प्रकारचीं लेबलें मिळत : एक स्वतःच्या केबिनमध्यें न्यावयाच्या सामानास, दुसरें वाटेंत अधूनमधून लागणाऱ्या सामानास, आणि तिसरें बोटीच्या पोटांत थेट मुक्कामापर्यंत बंद राहावयाच्या सामानास. या तिसऱ्यावर 'प्रवासांत नको' अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें असत. आमच्या ट्रंकेवर हें तिसरें लेबल होतें. पुतणी तें वाचून हंसली व म्हणाली, "काका, वाटेंत काय हवं आणि काय नको, हें सगळं आधींच ठरवायचं होतं वाटतं?"

त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. ट्रंकेंत काकांची एक बोटीवर लिहिलेली वही निघाली. ती वाचल्यावर, आणि त्या निमित्तानें पूर्वीं बोटीनें शिकावयास गेलेल्यांच्या हकीकती पुन्हा चाळल्यावर, जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

या विषयांत कल्याणचा, म्हणजे आमच्या बाजूचा, मान मोठा आहे. वाशिंदाहून कल्याण गाडीनें अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. त्या कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुना, लग्नानंतरची आनंदीबाई, १८८३ च्या ७ एप्रिलास कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या आगबोटीनें निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कास उतरली. तिला अठरावें वर्ष पुरें होऊन नेमका एक आठवडा झाला होता. नवव्या वर्षीं लग्न झालेलें, चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांत गेलेलें, आणि बायकांना बायकांचीच वैद्यकी मिळावी हा ध्यास घेतलेला. गोपाळराव पोस्टांतले नोकर. दोघांच्या भाड्याइतका पैसा नव्हता, तेव्हां तिनें एकटीनेंच जावें असें ठरलें. हातांतल्या सोन्याच्या बांगड्या विकून भाड्याची भर केली. सोबत होती ती मिशनरी बायकांची.

आतां हे अठ्ठावन दिवस डोळ्यांपुढें आणून पाहावे. ज्या मुलीनें सासर-माहेराबाहेरच्या माणसांत कधीं एक पंगत जेवली नसेल, तिनें दोन महिने परक्या टेबलावर बसावयाचें. भोंवतीं ऐकूं येणारी भाषा परकी. आपले माणूस एकहि नाहीं. आणि सोबतीण म्हणून लाभलेल्या बायकांचा धंदाच धर्मोपदेशाचा. निघण्यापूर्वीं २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगाल्यांतील श्रीरामपूरच्या कॉलेजांत भरलेल्या सभेंत तिनें जाहीरपणें सांगितलें होतें कीं, मी हिंदु म्हणून जात आहें व हिंदु म्हणूनच परत येईन. हें वाक्य सभेंत बोलणें सोपें नव्हतेंच. परंतु त्याची खरी परीक्षा सभेंत नव्हती, ती जेवणाच्या घंटेबरोबर रोज तीन वेळां होणार होती. अमेरिकेस पोंचल्यावर तिनें शाकाहार ठेवला, लुगडें ठेवलें, कुंकू ठेवलें. काय ठेवावयाचें आणि काय सोडावयाचें याची तिची यादी मुक्कामावर उतरतांना पक्की होती, आणि ती पक्की होण्यास हे दिवस कारणी लागले असतील असें मला वाटतें.

त्याच महिन्यांत दुसरी एक महाराष्ट्रीय स्त्री समुद्रावर होती हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. पंडिता रमाबाई २० एप्रिल १८८३ रोजीं मुंबईहून 'बुखारा' बोटीनें विलायतेस निघाल्या. बरोबर मुलगी मनोरमा, नुकतीच दोन वर्षांची झालेली. वैद्यक शिकावें हा त्यांचाहि हेतु होता. कानानें कमी ऐकूं येत असल्यामुळें तो पुढें साधला नाहीं. त्यांनीं या प्रवासाची हकीकत पत्ररूपानें लिहून पाठविली व ती त्याच वर्षीं छापून निघाली. एक अटलांटिकाच्या वाटेवर, एक इंग्लंडच्या; दोघींची भेट झाली ती तीन वर्षांनीं, १८८६ च्या मार्चांत फिलाडेल्फियास, आनंदीबाईंच्या पदवीदानाच्या वेळीं. एकीनें आपला धर्म ठेवला, दुसरीनें तोपर्यंत बदलला होता. बोट सर्वांना एकच धडा देत नाहीं, हें येथेंच नमूद करून ठेवतों.

समुद्रयानाचा निषेध आपल्या घरांतून किती कडक होता हें जुन्या मंडळींस सांगावयास नको. बौधायनाच्या धर्मसूत्रांत पातित्य आणणाऱ्या कर्मांत समुद्रप्रवास अगदीं पहिल्या जागीं आहे. तरीहि मला असें वाटतें कीं, आपल्या आजा-पणज्यांस भय खाऱ्या पाण्याचें नव्हतें. भय होतें तें स्वयंपाकघराचें. कोणीं शिजविलें, कोणीं वाढलें, शेजारीं कोण बसला, हा खरा प्रश्न. जहाजावर या तिन्ही प्रश्नांचें उत्तर यजमानाच्या हातीं राहत नाहीं.

या प्रश्नाची सर्वांत मनमोकळी हकीकत एका गुजराथी विद्यार्थ्यानें लिहून ठेविली आहे, व तो मुंबईच्याच धक्क्यावरून गेला. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मोहनदास गांधी 'क्लाइड' बोटीनें बॅरिस्टरीसाठीं निघाले, वय एकोणिसाच्या आंत. मांस, मद्य व परस्त्री यांस शिवणार नाहीं अशी शपथ आईपुढें घेतलेली. मोढ वाणी ज्ञातीनें बहिष्कृत केलेलें. आत्मकथेंत ते सांगतात कीं, इंग्रजींत बोलण्याचा सराव नाहीं, कांटा-सुरी धरतां येत नाहीं, आणि कोणत्या पदार्थांत मांस नाहीं हें विचारण्याचें धाडस नाहीं. म्हणून ते जेवणाच्या टेबलाकडे गेलेच नाहींत, केबिनमध्यें बसून घरून आणलेली मिठाई व फळें खात राहिले. खोलींतले सोबती मजमुदार नांवाचे वकील. ते परोपरीनें सांगत कीं, डेकवर जा, लोकांशीं बोल, चुकलें तरी बोल. एका इंग्रज उतारूनें तर तांबड्या समुद्रांत प्रेमानें बजावलें कीं, बिस्केच्या उपसागरापर्यंत ठीक आहे, पण पुढच्या थंडींत मांसावांचून निभणार नाहीं. उपसागर ओलांडला, आणि निभलें. शिवाय उतरण्याच्या दिवसासाठीं राखून ठेविलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख चढवून ते सप्टेंबरच्या अखेरीस धक्क्यावर उतरले, तों सबंध किनाऱ्यावर पांढऱ्या कपड्यांत तेच एकटे! हंसूं येतें, परंतु एवढ्या संकोची मुलानें शपथ मोडली नाहीं, हें हंसतांना विसरूं नये.

येथें एक गोष्ट बाजूस ठेवून चालणार नाहीं. जें टेबल आपल्या घरांतील मुलांस संकट वाटलें, तेंच दुसऱ्या कोणास सुटका वाटली असेल. डॉ. आंबेडकर १९१३ च्या जूनमध्यें बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर मुंबईहून निघून जुलैंत न्यूयॉर्कास पोंचले. परदेशांतल्या वास्तव्यानें आपण अस्पृश्य आहोंत ही जाणीवच मनांतून पुसून गेली होती, आणि परत येऊन बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर उतरावयाचें कोठें हा प्रश्न पुढें उभा राहिला तेव्हां ती परत आली, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. शेजारीं कोण बसला हें जेथें कोणी विचारीत नाहीं, अशी जागा कोणास नरक व कोणास मोकळें आकाश. आपल्या समुद्रयानाच्या वादांत ही बाजू कोणी मांडलेली मीं तरी वाचलेली नाहीं.

आतां काकांच्या वहीकडे येतों. हे वर दिलेले लोक थोर. आमचे काका साधे. परंतु बोटीवरचें विद्यार्थिजीवन म्हणजे नेमकें काय, तें मला त्यांच्याच वहींतून कळलें.

वाशिंदाहून कसाऱ्याच्या गाडीनें घरचीं दहाबारा माणसें बॅलार्ड पिअरवर पोंचवावयास गेलीं होतीं. आजी घरींच राहिली. निघतांना तिनें देवापुढें नारळ ठेवून काकांकडून शपथ घेतली कीं, अभक्ष्य कांहीं खाणार नाहीं. बरोबर बेसनाचे लाडू, दशम्या, आणि बोट लागली तर म्हणून आलेपाक व आवळासुपारी दिली. वहीचीं पहिलीं चार पानें बोट लागण्यानें भरलीं आहेत, म्हणजे जवळजवळ कोरींच आहेत. सप्टेंबरचा अरबी समुद्र, पावसाळा पुरता ओसरलेला नाहीं, चौघांची केबिन, वरचा बर्थ, आणि गोल खिडकींतून एकदां आकाश एकदां पाणी. आलेपाकाचा उपयोग झाला नाहीं, एवढी एक ओळ आहे.

पांचव्या पानापासून मात्र हात मोकळा झाला आहे. घड्याळ रोज थोडें मागें करावें लागे. काका संध्या करीत. पण बोट पश्चिमेकडे चाललेली, म्हणून पूर्व सदा मागच्या बाजूस, घराकडे. सकाळचें अर्घ्य देण्यासाठीं बोटीच्या शेंपटाकडे जावें लागे, व तेथें रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी दोर वळीत बसलेले असत. ते यांच्याशीं मराठींत बोलत व संध्या आटपेपर्यंत पाठ फिरवून बसत. आंघोळ समुद्राच्या पाण्यानें, वर गोड्या पाण्याची एक बादली. दुपारीं डेकवर दोरीच्या कड्या फेंकण्याचा खेळ. उडणारे मासे दिसले त्या दिवशीं सबंध पान त्यांचेंच आहे. बोटीवर हिंदी विद्यार्थी पंधरावीस : पंजाबी, मद्रासी, बंगाली, दोन सिंधी. मुंबईंत चार वर्षें राहून काकांची एकाहि मद्रासी मुलाशीं ओळख झाली नव्हती. येथें एक मद्रासी ब्राह्मण त्यांचा जिवलग झाला. रात्रीं जेवणघर रिकामें झाल्यावर हे सर्व जण बटाटे पुढें घेऊन कांट्या-सुरीचा अभ्यास करीत, आणि एक पंजाबी, ज्याचा भाऊ आधीं जाऊन आला होता, तो मास्तर होई. टायची गांठ, आभार केव्हां मानावे, दार कोणासाठीं धरावें, सर्व धडे तेथेंच. गोरे उतारू दुसऱ्या टेबलांवर बसत व आपसांत बोलत. त्याविषयीं काकांनीं फारसें लिहिलेलें नाहीं, पण रोज लिहिलें आहे.

चौथ्या दिवशींची नोंद पुढें सहाव्या पानावर, मागाहून, बारीक अक्षरांत आहे. पोट थाऱ्यावर आलें आणि अशी भूक लागली कीं उभें राहवेना. दमट हवेनें लाडवांस बुरशी आलेली, दशम्या समुद्रांत गेलेल्या. वाढपी गोव्याचा होता. कोंकणींत हळूच कोणत्या सुपांत काय आहे तें सांगे. त्या सकाळीं त्यानें बशी पुढें केली व म्हटलें, यांत मांस नाहीं, अंडें आहे. नेऊं कीं ठेवूं? 'ठेव, असें माझ्या तोंडून निघालें.' याखालीं कांहीं नाहीं.

पांचव्या दिवशीं बोट एडनला लागली. तेथून काकांनीं विमानाच्या टपालानें घरीं पत्र टाकलें : पाव, लोणी, बटाटे व केळीं यांवर उत्तम चाललें आहे, काळजी नसावी.

पुढें तांबड्या समुद्राचा उकाडा. मग सुएझ. कालव्यांतून बोट इतकी हळू चाले कीं, कांठावरचा उंट पुढें जाई. दोन्ही बाजूंस वाळू, आणि मध्येंच हें एवढें घर चाललेलें. पोर्ट सैदला होड्या बोटीला भिडल्या. दोरीनें टोपली खालींवर करून चामड्याच्या गाद्यांचे सौदे झाले. 'गली-गली' म्हणत जादूगार डेकवर आले व त्यांनीं एका सिंधी मुलाच्या खिशांतून कोंबडीचीं जिवंत पिलें काढून दाखविलीं. आणि कंपनीच्या कचेरींतून टपाल आलें, त्यांत आजीचें पत्र होतें. काका निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीं तिनें तें लिहिलें होतें, म्हणजे एडनचें पत्र तिच्या हातीं पडण्यापूर्वीं. तें वहींत टांचलेलें आहे. आजी लिहिते : "तूं गेल्यावर रात्रभर विचार केला. शपथ घातली ती मीं माझ्या भीतीनें घातली. तिकडे थंडी फार असते म्हणतात. अंगास लागेल तें खा. मात्र मला लिहितांना जें असेल तेंच लिहीत जा, म्हणजे तूं कोठें आहेस तें मला कळेल."

त्यानंतर लिव्हरपूल येईपर्यंत आठ-नऊ दिवस होते. या दिवसांच्या पानांत उडणारे मासे नाहींत. रोज एक पत्र लिहावयास घेतलेलें, आणि फाडलेलें. मद्रासी मित्राचें म्हणणें असें कीं, आतां तर परवानगीच मिळाली, मग मागचें उकरून काढण्यांत काय अर्थ? पंजाबी तर पोट धरून हंसला; एवढ्याशा अंड्यासाठीं एवढा विचार! काकांना सांगतां येईना कीं प्रश्न अंड्याचा नाहीं. माल्टा मागें पडलें, हवा गार झाली, कोट निघाले. जिब्राल्टरला पत्र टाकलें, एवढीच नोंद आहे, आणि त्या रात्रीं कितीएक दिवसांनीं झोंप लागली अशी.

विमानानें गेले असते तर काका दुसऱ्याच दिवशीं वसतिगृहांत, तिसऱ्या दिवशीं वर्गांत असते. एडनच्या पत्रावर दुसरीं पत्रें पडत गेलीं असतीं, आणि तें खोटें पहिलें न राहतां नुसतें जुनें झालें असतें. समुद्रावर त्यास पळावयास जागा नव्हती. ना घरच्या माणसांची गर्दी, ना तिकडच्या कामाची. सकाळ-संध्याकाळ तेंच पाणी आणि तींच वीस पावलांची डेक. मनुष्यास एक वस्तु टाकून दुसरी उचलण्यास जो वेळ लागतो तो तेथें भाड्यांतच मिळत असे. उगाच गोडवे गाणें मला मान्य नाहीं. ओकारी, उकाडा, अपमान व एकटेपण हें सर्व त्यांत होतें. आनंदीबाई १८८६ च्या ऑक्टोबरांत परत निघाली ती डॉक्टर होऊन, आणि क्षयानें खंगलेली रोगी होऊनहि. नोव्हेंबरांत मुंबईस उतरली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास गेली, वय बाविसाच्या आंत. तिला कोणी सोळा तासांत घरीं आणतें तर मी बोटीची वाखाणणी करीत बसलों नसतों.

ही बोटींची वाहतूक आपोआपच आटली. जेट विमानें आलीं, आणि १९६७ च्या लढाईंत सुएझ कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत उघडला नाहीं. तोंवर विद्यार्थ्यांची नवी पिढी सांताक्रूझच्या वाटेस लागली होती. पुतणी सांगते कीं, अमेरिकेंत आजहि 'सेमिस्टर ॲट सी' म्हणून एक योजना आहे. १९६३ सालीं 'युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज' या नांवानें ती सुरू झाली, आणि तींत विद्यार्थी सबंध सत्रभर बोटीवरच वर्गांत बसतात व बंदरोबंदरीं उतरून देश पाहतात. म्हणजे आमच्या काकांना जें तिकिटाबरोबर मिळालें, त्याचा आतां अभ्यासक्रम झाला आहे, व फी वेगळी.

पुतणीला आम्ही मध्यरात्रीं विमानतळावर पोंचविलें. सोळा-सतरा तासांनीं तिचा उतरल्याचा निरोप आला. आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत; त्या म्हणाल्या, "पोंचलीसुद्धां? म्हणजे वाटेंत तिचं कांहींच झालं नाहीं." कोणासच नीट समजलें नाहीं. पुढें रोज फोन, रोज तिचा चेहरा समोर. खोली दाखवी, बर्फ केव्हां पडेल तें सांगे. काय जेवलीस असें विचारलें कीं, वरण-भात, असें उत्तर येई. मातोश्री बरें म्हणत व फोन दुसऱ्याच्या हातीं देत.

आजीच्या पोथींत काकांचीं दोन्ही पत्रें, एडनचें व जिब्राल्टरचें, एकांत एक घालून ठेविलेलीं होतीं. ती पोथी आतां मातोश्रींकडे आहे. पुतणी निघण्यापूर्वीं एका दुपारीं त्यांनीं तिला जवळ बसवून तीं वाचावयास दिलीं होतीं, हें मला मागाहून कळलें.

कार्तिकांत पोस्टमन एक जाड पाकीट घेऊन आला. अमेरिकेचें तिकीट, पुतणीचें अक्षर, पत्ता आजीच्या नांवाचा. मातोश्रींनीं चष्मा व भिंग मागून घेतलें, खिडकीशीं बसून दुपारभर तें पत्र वाचलें, घडी घातली आणि पोथींत ठेवून दिलें. आंत काय आहे तें त्यांनीं आम्हांस अद्याप सांगितलेलें नाहीं.